जीप भरलीच नाही तर?

मी परतवाड्यातल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. आईसाठीही एक लिहिला. तिची बहीण मेळघाटातल्या एका गावात अंथरुणाला खिळली आहे. आठवड्यातून एकदा तिला भेटल्याशिवाय आईला चैन पडत नाही, आणि गुडघ्यांमुळे स्टँडवर ताटकळणं जमत नाही. गाडी कधी सुटेल ते तिला मोबाइलवर दिसावं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. सकाळची एकच एसटी, ती गेली की मग सीट भरल्यावरच सुटणारी जीप; सीट किती भरल्या ते जीपवाला फोनवरून कळवायचा.

प्रोग्राम लिहायला मी वापरते ती भाषा तेव्हा फार भोळी होती. कुठल्याही खान्यात काहीही घाला, ती हूं की चूं करत नसे. एसटीपुढे मी 'सव्वाआठ' लिहिलं, जीपपुढे 'भरली की'. मग नवी आवृत्ती आली आणि बाई एकदम शिस्तीच्या झाल्या. खान्यात अंक राहणार, मजकूर की वेळ, ते आधी सांगा. सुटण्याच्या वेळेत 'भरली की' तिला चालेना. चुकांच्या खुणांनी सगळा पडदा लाल. भाऊ अकोल्यात याच धंद्यात आहे. तो फोनवर म्हणाला, दहा लिही आणि मोकळी हो. आईने ते ऐकलं.

"दहा कोनाचे? जीप का घड्याळ पाहून निंगते?"

मग मीही हट्टाने जुन्याच आवृत्तीवर अडून बसले. पुढे भाषेलाच अक्कल आली. एका खान्यात 'हे किंवा ते' चालू लागलं. मी 'वेळ किंवा भरली की' लिहिलं, लाली गेली, आणि खुशीत चहा टाकला.

त्यानंतरच्या आवृत्तीने मात्र माझीच उलटतपासणी घेतली. खाना रिकामा राहिला, म्हणजे जीप भरलीच नाही, तर काय दाखवणार? उत्तर दिल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकेना. मला रागच आला, कारण आईही हेच विचारायची आणि मी 'बघू' म्हणून टाळायची. भाषेला 'बघू' चालत नव्हतं. शेवटी वैतागून लिहिलं, 'गाडी नाही. मी सोडते.'

पुढच्याच आठवड्यात मी मीटिंगमध्ये असताना आई पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि मोबाइलवरचं मोठ्याने वाचून दाखवलं. पुण्याच्या साहेबांनीही ते ऐकलं. मी कॅमेरा बंद केला आणि गाडीची किल्ली शोधली.

घाट लागेपर्यंत मी धुसफुसत होते. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जीप नाही भरली थे बरंच झालं. तुयी मावशी दर खेपेले तुलेच इचारते."