प्लाझ्माला कुलूप

केबिन रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये मी नर्स होते आणि विमलाबाई आयाबाई. बाई राजापूरच्या, आणि कुणावर म्हणून विश्वास नाही. चहाचं दूधसुद्धा हुंगून घेणार.

२००९ साली एकदा डॉक्टर म्हणाले, "उद्या एक इंजिनियर येतोय. थंड प्लाझ्मानं खाटा निर्जंतुक करून दाखवणार आहे."

विमलाबाई भडकल्याच. रक्तपेढीतून प्लाझ्माच्या पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून बाईच आणायच्या. "माणसाच्या रक्तातली वस्तू, आणि तिनं खाटा पुसणार?" फ्रिजमध्ये एका पेशंटसाठी आणलेली तसली पिशवी होती. बाईंनी फ्रिजला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. खरं सांगू, मलाही तो प्रकार पटेना.

सकाळी तो इंजिनियर, रोशन, आला. फ्रिजकडे त्यानं बघितलंही नाही. पेनाएवढ्या नळीतून त्यानं जांभळी ज्योत काढली आणि तिच्यात स्वतःचं बोट धरलं. भाजलं नाही.

"मावशी, हा रक्तातला नाही. गॅसमधून वीज सोडून बनवतात. नाव तेवढं एक."

"एका नावाच्या दोन वस्तू? तिथंच लबाडी असते."

त्यानं ज्योत खाटेच्या दांडीवरून फिरवली. "झालं. जंतू मेले."

"मेलेले बघितले कोणी?"

"लॅबचा रिपोर्ट दोन दिवसांनी येईल ना."

"मग तोवर तुम्हीच निजा हितं."

रोशन हसला, पण खाटेवर काही टेकला नाही. विमलाबाईंनी तेवढंच बघितलं आणि फिनेलची बादली उचलली.