‘सात बांध्या’ची तिसरी कॅसेट

गाडी गोंदियालाच संपते हे बरं आहे, उतरायचं राहून जाण्याची भीती नाही. नाशिकहून निघताना दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर तीन दिवस बाहेरगावी’ एवढीच पाटी लावली होती. ‘एका रॉक बँडच्या शोधात’ असं खरं कारण लिहिलं असतं, तर दात दाखवायला माझ्याकडे पुन्हा कोणी फिरकलं नसतं.

बँडचं नाव ‘सात बांध्या’ (बांधी म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा). तुम्ही ऐकलं नसेल, कोणीच ऐकलेलं नाही. चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, त्यात आम्ही नऊ जण, त्यातले दोघे चुकून आलेले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे चार मिनिटांत गाणं संपवणं ज्यात कमीपणाचं मानतात आणि ठेका धरायला गेलं की पाय चुकतो, असं संगीत. ते या जिल्ह्यातल्या तिघांनी कॅसेटच्या जमान्यात केलं. पहिली कॅसेट ‘पऱ्हे’ (धानाची रोपं), दुसरी ‘रोवणी’ (लावणी). तिसरी ‘चुरणी’ (मळणी) यायची होती, ती आलीच नाही. ती का आली नाही हे विचारायला आणि जमलं तर ती मिळवायला मी निघाले होते.

‘पऱ्हे’तली गाणी खट्याळ आहेत. गिटार भलतीकडेच वळते आणि ढोलकी तिला चिमटा काढून परत आणते. ‘रोवणी’ची दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं. त्यात टेकचंद यांची गिटार चिखलातून जड पावलं टाकत येते, मग योगराज यांचा ऑर्गन (पायाने भाता चालवायची पेटी) सुरू होतो तो तब्बल अकरा मिनिटं थांबत नाही. आता काहीतरी होणार असं वाटतं आणि गाणं खटकन तुटतं. या तुटण्यावर मी इंटरनेटवर चार लेख लिहिलेत, त्यातल्या एकाचं शीर्षक ‘अपूर्णतेचं तत्त्वज्ञान’ असं आहे. ऑर्गनमागे एक बारीक गुणगुण ऐकू येते, तिला मी ‘मातीचा आवाज’ म्हटलंय. दाढ काढताना मी हीच बाजू लावते. पेशंट दाढ विसरून गाण्याची तक्रार करतात.

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याला बँडचं नाव सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘ऐसा कोई बैंड नहीं है, मॅडम. धुमाल दिला दूँ? (धुमाल म्हणजे लग्नाच्या वरातीतला ढोलताशांचा ताफा.) शादी किसकी है?’ लग्न नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. मी पोहे-चणा खाल्ला, तो इतका तिखट होता की माझेच दात आठवले, आणि पॅसेंजरने आमगाव गाठलं.

कॅसेटच्या कव्हरवर पत्ता होता : टेकचंद, रेल्वे फाटकाजवळ, आमगाव. फाटकाजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान निघालं. आत साठीचे एक गृहस्थ तांब्याच्या तारेची गुंडाळी करत होते. मी काउंटरवर कॅसेट ठेवली.

‘कुठं भेटली हे तुमाले?’

‘नाशिकला, रद्दीवाल्याकडे.’

‘अना आयकता बी?’

‘रोज.’

‘काऊन?’

‘काऊन’ म्हणजे का, आणि त्यावर मी चार लेख लिहिले होते. मी म्हटलं, ‘आवडते म्हणून.’ ते त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. तिसऱ्या कॅसेटचं विचारल्यावर मात्र तार बाजूला ठेवली.

‘झाडीपट्टीच्या नाटकात वाजवाचो आमी,’ ते म्हणाले. (झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भ. इथे नाटकांचा मोठा हंगाम असतो.) ‘हिरोइन लुगडं बदलून राहिली का ऑर्गन चालूच ठेवा लागते. विंगेतून हात वर झाला, का थांबाचं. स्टुडिओतबी तसंच ठरलं होतं. मी हात वर केला. योगराजनं पायला, अना वाजवतच रायला. टेप सरली. शेवटची गिटार माही होती, थे रायलीच.’

म्हणजे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. टेप संपली होती. त्यांनी मागवलेला चहा मी एका घोटात संपवला.

‘तिसऱ्या कॅसेटची गानी तयार हायेत. सारी. ढोलकीवाला रायपूरले गेला, पन बोलावलं तर येते थो. योगराजनं फक्त एकदा म्हनावं, का मी हात पायला होता. उद्या वाजवतो.’

‘आणि नाही म्हणाले तर?’

‘तं रावू दे.’

योगराज सालेकशाला राहतात असं टेकचंद यांच्याकडून कळलं, म्हणून पुढची पॅसेंजर सालेकशाची. गाडी जंगलाच्या कडेकडेने जाते, मोहाची झाडं अगदी खिडकीशी येतात. योगराज यांचं घर स्टेशनापासून जवळ आहे, पण मी कोणाचं न ऐकता बांधीतून आडवाट धरली. कापणी झालेली बांधी कोरडी असते असा माझा नाशिककरी समज होता. डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल आतच राहिली. अशी एका पायाने अनवाणी मी त्यांच्या अंगणात उभी राहिले, त्यामुळे ओळख करून द्यायची वेळच आली नाही. त्यांच्या बायकोने आधी पायावर पाणी घातलं, मग भात, लाखोळीची डाळ आणि तळलेल्या मिरच्या वाढल्या, आणि मग विचारलं, ‘कोन तुमी?’

योगराजभाऊ अजून नाटकांत वाजवतात. टेकचंद यांचं नाव काढताच त्यांनी घास थांबवला.

‘हात? कायचा हात? मी वाजवून वाजवून पाय दुखवले, पन हात काई वर झाला नाही. माही फजिती कराले केलं त्यानं. थे कॅसेट मी आयकलीच नाही. कायले आयकू?’

दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. माणूस दुखतं कुठे हे खोटं सांगू लागला की मला चटकन कळतं, तेवढाच माझा धंदा. पण मग खरं काय?

जेवणानंतर त्यांनी माझ्या आग्रहाखातर पायपेटीवर ‘पऱ्हे’तलं एक गाणं धरलं. डोळे मिटले आणि बंद ओठांतून एक बारीक गुणगुण सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. मातीचा आवाज समोर बसून पेटी वाजवत होता! मी मुद्दाम मध्येच विचारलं, ‘ही कोणती पट्टी?’ त्यांनी डोळे उघडले, गुणगुण बंद. पुन्हा मिटले, गुणगुण सुरू. मी आणखी दोन फालतू प्रश्न विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्या प्रश्नाला ते वैतागले.

मग मी वॉकमन काढला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. नको नको म्हणेपर्यंत ऑर्गन सुरू झाला होता. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘हा कोन गुनगुनते?’

‘तुम्हीच. डोळे मिटलेत की गुणगुणता.’

‘घरातबी डोरे मिटूनच रायतेत हे,’ बायको भांडी उचलता उचलता म्हणाली.

ते शेवटपर्यंत, गाणं तुटेपर्यंत ऐकत राहिले. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ‘टेकचंदनं हात केला असन,’ असं अगदी हळू म्हणाले.

मी फोन लावला. पुढच्या पॅसेंजरने टेकचंदभाऊ गिटार घेऊन आले आणि अंगणातच उभे राहिले, आत येईनात. योगराजभाऊ ओट्यावरून म्हणाले, ‘माहे डोरे मिटले होते गा.’

‘अकरा मिनिटं?’

‘बेस वाटून रायलं होतं. मजा येऊन रायली होती.’

टेकचंदभाऊ हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मी तर उघड उघड रडले, लाज बाळगली नाही.

मग त्यांनी ‘रोवणी’ वाजवली, ऊन उतरणीला लागलं होतं तेव्हा, ओट्यावर. ऑर्गन रंगला. ठरल्याप्रमाणे टेकचंदभाऊंनी हात वर केला. योगराजभाऊंचे डोळे मिटलेले होते. हात तसाच हवेत राहिला. टेकचंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. पाय दुखून पेटी आपोआप थांबली, तेव्हा कुठे त्यांनी गिटारची तार छेडली. दोन मिनिटांचा साधा तुकडा होता. रोवणी आटोपून बाया घरी निघाल्यात आणि आता कोणालाच घाई नाही, असा. इतकी वर्षं मी ज्या तुकड्याच्या नसण्याचं कौतुक केलं, तो असलेला शंभरपट बरा होता.

परतीच्या गाडीत मी चारही लेख काढून टाकले. चाहत्यांच्या गटावर लिहिलं, ती अकरा मिनिटं म्हणजे एक माणूस खूप आनंदात होता, बाकी काही नाही. दोघांनी अंगठे पाठवले, तेच चुकून आलेले.

आणि टेकचंदभाऊंचा फोन आला. ‘चुरणी’ होणार आहे, धान घरात पडलं की. ‘म्याडम, तुमी या. याचे डोरे मिटले का खांद्यावर थाप माराची, थे काम तुमचं.’

येते म्हणून कळवलंय. थाप मारीन असं मात्र मी कुठेही कबूल केलेलं नाही.