वरच्या लेन्समधलं कुलूप

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. रिकाम्या घरात हलणारा पाळणा, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि वर म्हणायचे, यांना कुणीतरी शाळेत घाला. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. तेव्हा बावीस वर्षांची होते, आता सव्वीस. हवेतून अंगारा काढणाऱ्या एका बाबाविरुद्ध आमच्या गटाने जे पत्रक वाटलं, ते माझ्याच हातचं होतं. त्यात मी लिहिलं होतं — 'पुरावा दाखवा, नाहीतर दुकान बंद करा.' चार महिन्यांत तेच वाक्य माझ्या अंगावर आलं.

ठिकाण लखनौ. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. माझे बाबा, म्हणजे वडील, तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आम्ही मूळचे वर्ध्याचे, राहायला महानगर नावाच्या कॉलनीत. घरात मराठी, बाहेर हिंदी. भांडण कुठेही असो, हिंदीतच.

बाबांकडे एक कॅमेरा होता, रोलीकॉर्ड. जर्मनीहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेला. दर रविवारी बाबांचे मित्र चहाला यायचे आणि जर्मन चांगला की जपानी, यावर आईचा स्वयंपाक होईपर्यंत वाद घालायचे. ज्यांनी असा कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक उभा काळा डबा, पुढे एकाखाली एक अशा दोन लेन्स. वरचं झाकण उघडायचं, डबा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. वरच्या लेन्समागे आरसा असतो, त्यामुळे काचेत डावं ते उजवं दिसतं. पण वरची लेन्स फक्त दाखवते. फिल्मवर उमटवते ती खालची. तिच्यामागे आरसा नाही, म्हणून फोटो सुलट येतो. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

एका रोलमध्ये बारा फोटो. रोल मिळायचे मुश्किलीने. बाबांचा नियम होता — अकरा काढायचे, बारावा राखून ठेवायचा. "सुधे, रोल संपला की नेमकं काहीतरी घडतं," म्हणायचे. मी बाकी कशातही त्यांचं ऐकत नव्हते. हे मात्र ऐकायचे, कारण कॅमेरा त्यांचा होता.

आम्ही तेव्हा चिकनकाम करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांवर पत्रक काढत होतो. चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका व्यापाऱ्याचं कामाचं दालन होतं. वीसेक बायका जमिनीवर बसून पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याने टाके घालायच्या. उजेड म्हणजे वर एक जाळीची खिडकी आणि एक बल्ब. पस्तिशीत यांना सुईत धागा ओवता येत नव्हता, आणि तोच कुर्ता दिल्लीच्या दुकानात काचेमागे टांगलेला असायचा. त्याचे फोटो हवे होते. कनीज़ आपा तिथे काम करायची, तिने मला मैत्रिणीची मुलगी म्हणून आत नेलं. शेठ बाहेरगावी होता.

आम्ही आत गेलो आणि चौकीदाराने मागून दार ओढून कडी घातली, वर कुलूप. मला तो आवाज ऐकू आला.

"आपा, ये ताला?"

"रोज़ लगता है। सेठ कहते हैं, हिफ़ाज़त के लिए।"

"किसकी हिफ़ाज़त? आपकी कि कपड़े की?"

"ये तुम अपने पर्चे में पूछ लेना, बीबी।"

मी फोटो काढायला लागले. या कॅमेऱ्याची गंमत अशी की समोरच्यावर डोळे रोखावे लागत नाहीत. आपण मान खाली घालून उभे, त्यामुळे बायका लाजल्या नाहीत, उलट कनीज़ आपाने हात पुढे केला. "हमें भी दिखाओ।" मी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. ती वाकली आणि हसायलाच लागली.

"ऐ हय, सब उल्टा! बिब्बो ख़ाला को देखो, बाएँ हाथ से टाँक रही हैं। सारी उम्र में पहली बार कुछ नया किया।"

"देख ले, देख ले," कोपऱ्यातून बिब्बो ख़ाला म्हणाली. ती तिथली सगळ्यात म्हातारी. "मेरी जैसी आँखें हो जाएँगी तो ये डब्बा भी काम न आएगा।"

कनीज़ आपाने कॅमेरा हळूहळू दाराकडे वळवला आणि बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "जो हमने देखा, वो इसमें रह जाएगा?"

"नहीं आपा। ऊपरवाला सिर्फ़ दिखाता है। रखता नीचेवाला है।"

"ये बात मौलवी साहब के सामने मत कहना," ती म्हणाली आणि कॅमेरा परत दिला.

निघताना चौकीदाराला हाक मारली, तो लवकर आला नाही. मी दार आत ओढलं. दोन पटांमध्ये चार बोटांची फट पडली. फटीतून ताणलेली कडी दिसली, आणि तिला लटकलेलं पितळी कुलूप. कॅमेरा गळ्यात होता, आकडा बारावर होता, म्हणजे एक फोटो उरला होता. आणि मी विचार केला — पत्रक डोळ्यांवर आहे, कुलपावर नाही. बारावा राहू दे.

दहाव्या दिवशी दुपारी त्या जिन्यात रॉकेलचा स्टोव्ह भडकला. ज्वाळा फारशा वर आल्या नाहीत, धूर आला. त्या दिवशी कसल्याशा सणाच्या तयारीमुळे चारच बायका कामावर होत्या. दोघी जाळी तोडून शेजारच्या गच्चीवर उतरल्या. बिब्बो ख़ालाला जाळीपर्यंत चढता येईना. कनीज़ आपा तिला सोडून गेली नाही. दोघी दारापाशी सापडल्या.

आम्ही पोचलो तेव्हा कुलूप नव्हतं. शेठ म्हणाला, कुलूप कधीच नसायचं, बाया घाबरल्या, दार आत उघडतं हे विसरल्या. चौकीदार गावी निघून गेला होता. वाचलेल्या दोघींना त्याच शेठकडून काम मिळायचं, त्या म्हणाल्या, "धुएँ में कुछ दिखा नहीं।" कुलूप पाहिलेली, आणि बोलायला तयार असलेली, मी एकटी. चौकशी अधिकाऱ्याने माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कोई सबूत?"

माझ्याकडे अकरा फोटो होते. डोळ्यांचे, सुयांचे, बल्बचे.

कॅमेरा मी फोटो काढून आले त्या दिवसापासून बाबांच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात, आणि आग लागली तेव्हा बाबा संस्थेत, मी गटाच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवत होते, सहा जणांसमोर. आगीच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा बाहेर काढला, आकडा बारावरच होता. निदान ते अकरा तरी कामाला येतील म्हणून लेन्सवर झाकण ठेवून शटर सोडलं, रोल पूर्ण गुंडाळला आणि अमीनाबादमध्ये मिर्झासाहेबांच्या स्टुडिओत नेऊन दिला. बाबांचे सगळे रोल तेच धुवायचे. मी बजावून सांगितलं — शेवटचा कोरा आहे.

संध्याकाळी गेले तर मिर्झासाहेब ओली फिल्म चिमट्याला टांगून तिच्याकडे बघत उभे होते.

"बिटिया, तुमने कहा था ग्यारह।"

"ग्यारह ही हैं।"

"बारह हैं।"

बारावा फोटो त्या दाराचा होता. आतून. जमिनीपासून हातभर उंचीवरून, म्हणजे कुणीतरी कॅमेरा मांडीवर घेऊन काढावा तसा. चित्रावर करडा पडदा. वर दाट, खाली विरळ. पट आत ओढलेले, चार बोटांची फट, फटीत ताणलेली कडी आणि कुलूप. खालच्या कोपऱ्यात गुडघ्यावर पसरलेलं पांढरं कापड, त्यात टोचून ठेवलेली सुई.

मी जे काही बोलायला लागले ते मिर्झासाहेबांनी थांबवलं. "पहले ये देखो।" फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे असतात. ते सुलट वाचता येतील अशी फिल्म धरली की चित्रही सुलट दिसतं, त्याला अपवाद नाही. पहिल्या अकरा फोटोंत तसंच होतं. बाराव्यात आकडे सुलट होते आणि दार उलटं. खऱ्या दाराची कडी आतून बघताना उजव्या पटावर, इथे डाव्या.

"चालीस साल से यही काम कर रहा हूँ," ते म्हणाले. "नीचेवाले लेन्स से ये तस्वीर बन ही नहीं सकती। ये शीशे वाली है। ऊपरवाले की।"

मी मांडीवरच्या कॅमेऱ्याची गोष्ट त्यांना सांगितली नाही. आम्ही दोघं फिल्म वाळायची वाट बघत बसलो.

मग मी जे केलं ते लिहिते. मी म्हणाले, मिर्झासाहेब, ही उलटी करून छापा. प्रिंटवर आकडे येत नाहीत. कडी उजवीकडे जाईल, दार ओळखू येईल. मी सांगेन, आगीच्या दहा दिवस आधी मी आत होते तेव्हा काढला. कुलूप तर खरंच होतं ना?

"ताला सच्चा, तारीख़ झूठी," ते म्हणाले. "सोच लो।"

मी विचार केला नाही. त्यांनी छापून दिलं, पैसे घेतले नाहीत.

चौकशीच्या दिवशी कनीज़ची अम्मी माझ्या शेजारी बसली होती. मी प्रिंट पुढे ठेवला. शपथेवर सांगितलं की हा मी काढला, अमक्या दिवशी, आत असताना. अधिकारी पुढे झुकला. शेठचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हेही लपवत नाही.

शेठचा वकील म्हातारा होता. त्याने प्रिंटकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "मोहतरमा, निगेटिव?"

नाही म्हणता येईना. त्याने फिल्म खिडकीशी धरली. त्यालाही फोटोग्राफीचा नाद असावा, कारण सरळ कडेचे आकडे बघितले, मग चित्र, मग माझ्याकडे वळला. "दरवाज़ा उल्टा है। या तो दरवाज़ा हमारा नहीं, या फ़िल्म के साथ कारीगरी हुई है। और ये धुंध कैसी है? जिस दिन आप गई थीं, उस दिन आग लगी थी क्या?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. काय सांगणार होते? की तो मी काढलाच नाही? की कपाटात बंद असलेल्या कॅमेऱ्यात, तीन कोस लांब, वरच्या लेन्सने... ज्या खोलीत मी दोन महिने आधी अंगारावाल्याविरुद्ध अर्ज दिला होता, त्याच खोलीत? मी फिल्म परत मागितली. लोक हसले. अहवालात आलं की दार बाहेरून बंद असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि एका कार्यकर्तीने बनावट छायाचित्र सादर केलं. यातलं पहिलं वाक्य खोटं, दुसरं... त्याला मी काय म्हणू?

बाहेर आल्यावर अम्मीने हात पुढे केला. मी पिशवीतून दुसरा प्रिंट काढून दिला, जसा उमटला होता तसा, उलटा. तिने तो डोळ्यांजवळ नेला. तिचेही डोळे टाक्यांनीच गेलेले. गुडघ्यावरच्या कापडावरून बोट फिरवलं, सुईपाशी थांबली.

"ये मेरी लड़की के टाँके हैं," ती म्हणाली. "तुमने वहाँ क्यों कहा कि तस्वीर तुमने खींची?"

मग ती प्रिंट पदरात गुंडाळून रिक्षाकडे चालू लागली.

बाबांनी ती फिल्म तीन महिने तपासली. कॅमेरा उघडून आरसा बघितला, गळणारा उजेड शोधला, दोन रोल मुद्दाम वाया घालवले. एकदाही उलटा फोटो आला नाही. शेवटी फिल्म पाकिटात घातली, पाकिटावर नुसतं 'बारा' लिहिलं. रविवारच्या मित्रांना त्यांनी ती कधी दाखवली नाही. वाचकांत कुणी प्रकाशशास्त्र शिकलेलं असेल तर जरूर लिहा, फिल्म मी दाखवीन. आत्म्याबित्म्याचं लिहू नका. मी अजूनही ते मानत नाही, आणि माझ्याजवळ दुसरं स्पष्टीकरणही नाही. त्या दिवशी बारावा फोटो मी का काढला नाही, याचं मात्र आहे, ते वर लिहिलं आहे.

गेल्या महिन्यात चौकात गेले होते. त्या दालनाला नवं दार बसवलंय, आत पुन्हा बायका बसतात. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेरून कुलूप होतं. रोल नवा घातलेला होता. मी मान खाली घातली आणि पहिल्याच नंबरला कुलूप घेतलं, दुसऱ्यालाही, आणि बारावा संपेपर्यंत तेच.

रोल धुऊन आला आहे. बाराही सुलट आहेत. हे मी काढले, याची शपथ मी कुठेही घेईन.