गॅलरीचा दरवाजा

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या गॅलरीत गांधीलमाश्यांनी पोळं बांधायला घेतलं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बोलणं मुळातच कमी. आईचं माझ्याशी बोलून झालं की ती फोन त्यांच्या हातात द्यायची, आणि ते म्हणायचे, "बरी आहेस ना? मग ठेवतो." आई गेल्यावर मला भीती वाटायची ती याचीच. मी वाकडला, ते सहकारनगरला. मध्ये अख्खं पुणं. आमच्यात बोलायला काही उरलंच नाही तर?

आणि एके दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन. "गॅलरीत गांधीलमाशी आलीय. सहा घरं झालीत."

"बाबा, चावेल ती! काढून टाका."

"ती मला काही म्हणत नाही. तूही म्हणू नकोस."

मग रोज आठला फोन यायला लागला. गॅलरीच्या दरवाजाचा रंग कधीच उडून गेला होता. त्या करड्या लाकडाचा भुसा खरवडून, चावून माशी त्याचा कागद करते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रविवारी गेले की ते मला स्टुलावर बसवत. कान देऊन ऐकलं तर खरवडण्याचा बारीक आवाजही यायचा. करड्या पोळ्यात एकदा मधेच तपकिरी पट्टा दिसला, तेव्हा "हिने आता शेजाऱ्यांची लाकडी शिडी खरवडायला घेतली" हे कळवायला दुपारी खास फोन आला. मीटिंगमधून उठून मी तो घेतला. इतकी वर्षं बाबांनी माझ्याशी असं कधीतरी बोलावं म्हणून मी झुरले होते, आणि ते जमवलं कोणी, तर माश्यांनी!

दिवाळीच्या आधी बाबा चार दिवस काकांकडे गेले. त्यांना खूश करावं म्हणून मी घराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्याला दहादा बजावलं, पोळ्याला हात लावायचा नाही. त्याने बिचाऱ्याने लावलाही नाही. आणि गॅलरीच्या दरवाजाला मीच हौसेने निवडलेला, चकचकीत हिरवा ऑइलपेंट दिला.

रंगाच्या वासाने म्हणा, लाकूड मिळेना म्हणून म्हणा, आठवड्याभरात पोळं रिकामं झालं. आठचा फोनही बंद झाला. चार दिवस मी वाट पाहिली. शेवटी मीच केला, तर "बरी आहेस ना? मग ठेवतो." पुन्हा तेच. माझ्या मूर्खपणाचा मला इतका राग आला की रजा टाकली, बसने स्वारगेट गाठलं आणि तिथून रिक्षा केली.

बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "बाबा, माझं चुकलं. तुमच्या माश्या माझ्यामुळे गेल्या."

त्यांनी चष्मा काढून दरवाजाकडे पाहिलं. "रंग भयंकर आहे," ते म्हणाले. "माश्यांचं सोड, त्या कधीतरी जायच्याच होत्या."

"मग फोन का नाही केलात?"

बाबांनी पेपरची घडी घातली.

"आता काय सांगायला करू, ते सुचेना," ते म्हणाले. "चार दिवस रोज आठला फोन हातात घेऊन बसतोय."