तिने मला आधीच पाहिलं होतं

१४ डिसेंबर, रविवार. शहादा. सकाळी नळाला पाणी आलं, ते भरलं. दहाच्या सुमारास माझ्या पत्नीची मोठी बहीण, कमलताई, रनाळ्याहून आल्या. मी इथे फारसं लिहीत नाही... आजचं मुलीला विचारून लिहितोय.

पत्नीला जाऊन आठ महिने झाले. तेव्हा ज्यांनी मेसेज केले त्यांना मी उत्तरं दिली नाहीत. राग मानू नका... काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

ताई आल्या त्या मुलीचं उत्तर न्यायला. मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. कळसाडीचं एक स्थळ ताईंनीच आणलं होतं. मुलाचं इथेच शहाद्यात शेती औषधांचं दुकान आहे. दोघं दोनदा भेटले होते आणि आज त्या लोकांना हो की नाही ते कळवायचं होतं.

मुलगी म्हणाली, नाही कळवा. मुलगा आवडला नाही असं नाही... आवडला, म्हणूनच नाही.

मग तिने समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं आपण विचार करून जोडीदार निवडतो. पण बहुतेक वेळा आपण रोज दिसणारं, आपल्यासारखंच, किंवा लहानपणापासून घरात पाहिलेल्या माणसासारखं माणूस निवडतो. आणि घरातलं कोणी गेलेलं असेल तर ती जागा भरायची घाई होते.

हा मुलगा तिच्या आईसारखाच थांबून थांबून बोलतो म्हणे.

"मला तो आवडलाय की आई हवी आहे, तेच कळत नाही, पप्पा."



थोड्या वेळाने तिने विचारलं, तुम्ही आईला कसं निवडलंत? मी नेहमीचं सांगितलं. पाहायला गेलो, तिने चहा आणला, एकदा वर पाहिलं, मी होकार दिला. त्या वेळी ठरवायला एवढंच असायचं.

ताई हसल्या. "तुमले वाटस तुम्ही तिले पसंत करं, पाव्हना. तिनी तुमले आठ दिन पयलेच दखी लिधं व्हतं."

हे मला नवीन होतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती एकदाही बोलली नाही.

तेव्हा मी तळोद्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्क होतो. माझं स्थळ आल्यावर दोघी बहिणी बाजाराचं निमित्त काढून तिथे आल्या. ताईंनी तिला स्वतःची साडी नेसवली, डोक्यावरून पदर दिला आणि दोघी दाखल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

त्यांच्या पुढे डोंगरातल्या गावचा एक म्हातारा होता. त्याला मराठी येत नव्हती, मला त्याची पावरी बोली मोडकीतोडकी. त्याचा फॉर्म चुकला होता. मी नवा फॉर्म घेतला आणि त्याला विचारून विचारून स्वतः भरून दिला... असं ताई सांगतात.

नंबर यायच्या आधीच दोघी रांगेतून निघाल्या. जीपस्टँडवर ती म्हणाली, "ह्या मानूसना आवाज चढस नही. याना संगे मन्हं जमी."

मला तो म्हातारा आठवत नाही. ज्यांच्यावर मी आवाज चढवला ती माणसं मात्र आठवतात. घरीही चढला आहे... तिने एका दिवसावर ठरवलं आणि पुढचं सगळं निभावून नेलं.

 मुलगी हळूच म्हणाली, एका दिवसाचं निरीक्षण आमच्या मानसशास्त्रात कोणी धरत नाही.

"मंग तू दोन दिन दख," ताई म्हणाल्या. "आमले पदर लागे, तुमले स्कार्फ शे."

रब्बीचा सीझन, त्यामुळे दुकान रविवारीही उघडं होतं. तीन वाजता मुलीने खरंच तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्कूटी काढली. मी अडवलं नाही.

दीड तासाने आली. दुकानासमोर रसवंतीवर बसून पाहत होती. एक म्हातारे शेतकरी औषधाचं प्रमाण परत परत विचारत होते. दोनदा मुलाने नीट सांगितलं, तिसऱ्यांदा वैतागला. ते निघाले तसा मागे धावत गेला आणि खोक्यावर पेनाने लिहून दिलं, फवारणीच्या एका पंपाला किती झाकणं ते.

"थांबून बोलतो तो आईसारखा. वैतागतो तुमच्यासारखा," ती म्हणाली. "धावत गेला ते कोणासारखं नाही. ते त्याचंच." मग मावशीकडे वळून म्हणाली, हो कळवा.

ताईंनी तिथूनच फोन लावला.

आपल्याला कोणीतरी पाहून, पारखून निवडलं होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. हे सांगायचं नाही असा तिला दिलेला शब्द ताईंनी एवढी वर्षं पाळला आणि आज मोडला... दोन्हीबद्दल त्यांचे आभार.

संध्याकाळी मुलगी त्यांना स्टँडवर सोडायला गेली. मी पत्नी करायची तशा भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ परातीत काढलं, पाणी घातलं आणि मळायला घेतलं.