मंडईच्या दिवशी घरी थांबा

“सर, तुम्ही समजावता चांगले. पन दारूची लहर आली का मी शालिकभाऊलेच फोन करतो.”

हे दिलीपनं मला माझ्याच खोलीत, माझ्यासमोर बसून सांगितलं. मी तुमसरच्या एका दवाखान्यात व्यसनमुक्ती समुपदेशक. दिलीप चिखल्याच्या भूमिगत खाणीत ड्रिलर. पिऊन ड्यूटीवर गेलेला सापडला होता. पुन्हा सापडला तर नोकरी जाणार, असं मॅनेजरनं बजावलं होतं. शालिक नाकाडोंगरीचा पंक्चरवाला. पूर्वी तोही आमच्याकडे भरती होता. आता स्वतः पीत नव्हता आणि दुसऱ्यांना सांभाळत होता.

मला त्याचा हेवा वाटायचा. क्रेव्हिंग म्हणजे दारूची अनावर ओढ. ती चढते तशी थोड्या वेळानं उतरतेही. हे दिलीपला शिकवलं मी. पण शालिक वॉर्डात आला की पेशंट उठून बसायचे. मी आलो की डोळे मिटायचे.

दिवाळीनंतर दिलीपच्या गावची मंडई आली. जत्रा, दंडारीचं लोकनाट्य, घरोघरी पाहुणे. शालिक मला भेटायला आला.

“सर, त्या दिवशी दिलीपले मी दुकानात बसवतो. घरी नका ठेवू.”

“नाही. घरीच राहील. ट्रीटमेंट प्लॅन मी ठरवतो.”

“घरी त जावई येतेत ना सर. रिकाम्या हातानं येतेत का?”

“तू पंक्चर काढ, शालिक.”

“तेच करून राहिलो. हवा कुठून जाते ते दाखवून राहिलो.”

तो बरोबर बोलत होता. मी याच भागातला; मंडईचा पाहुणचार बाटलीशिवाय होत नाही, हे माझ्याही घरी पाहिलेलं. तरी दिलीपला फोन केला. “मंडईच्या दिवशी घरी थांबा. शालिककडे जायचं नाही.”

तो थांबला. जावयानं मोहाच्या दारूची बाटली काढली. मंडई संपली, दिलीपचं पिणं संपलं नाही. तशाच अवस्थेत तो ड्यूटीला निघाला. शालिकनं त्याला रस्त्यात अडवलं, गाडीवर बसवलं आणि सरळ आमच्याकडे आणलं. दारू उतरू लागली तसे दिलीपचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. याला रिलॅप्स म्हणतात, पुन्हा पिण्याकडे घसरणं. तो आजाराचा भाग आहे, पण खाणीच्या गेटवर हे कोण ऐकणार?

“सर, रागावू नका,” दिलीप मला म्हणाला. “मी त तुमचंच आयकलो.”

मी बाहेर येऊन शालिकला सगळं सांगितलं. “मी जळत होतो तुझ्यावर.”

“मालूम आहे सर. मी पन जळतो तुमच्यावर. तुमाले शिकाले भेटलं, मले नाई.”

गेटवर पिलेला सापडला नाही, म्हणून दिलीपची नोकरी वाचली. थरथर डॉक्टरांच्या गोळ्यांनी थांबली, पुढचं काम शालिकनं आणि मी वाटून घेतलं. आता नवा पेशंट आला की त्याच्या घरच्या सणांचं मी आधी शालिकशी बोलतो. हेवा अजून वाटतो. तो माझा मी सांभाळतो. पेशंटच्या प्लॅनमध्ये त्याला जागा नाही.