मिस्त्रींची चांदणी

बडनेऱ्याच्या नरेशने मला फसवलं. रसवंतीच्या चरकाला लागतात म्हणून माझ्या दुकानातून ट्रकच्या स्टीअरिंगचे सहा रॉड नेले आणि त्यांची पिस्तुलं केली. हे आधी सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत लोक भुताचं ऐकतात आणि चोराला विसरतात.

मी भुताखेतांतला माणूस नाही. अकोल्यात जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या गाड्या तोडून पार्ट विकतो. हातगाडीवर भंगार गोळा करत इथवर आलो. डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच खरं... आजही असंच म्हणतो, फक्त पूर्वीसारखं मोठ्याने म्हणत नाही.

धंदा शिकवला वासुदेव मिस्त्रींनी. आमच्याकडून चांगला पार्ट न्यायचा आणि घरचा फुटका परत आणून भांडायचं, अशी गिऱ्हाइकं फार. म्हणून मिस्त्री प्रत्येक पार्टवर पोलादी ठप्पा ठोकायचे, एक लहानशी चांदणी. एकदा ठप्पा फरशीवर पडला आणि चांदणीचं एक टोक उडालं. मी म्हटलं, नवा करून घेऊ. मिस्त्री हसले. "राहू दे बे. आता कोनाच्या बापाले याची नक्कल जमनार नाही."

ते गेले तेव्हा तो ठप्पा अस्थींबरोबर गांधीग्रामला पूर्णेत मीच सोडला. त्यांचे जावई शेजारी उभे होते. त्यानंतर मी ठप्पा वापरला नाही. मालावर निळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारतो, बस.

पुढच्या वर्षी लिलावात तीन ट्रक घेतले. रॉड मी स्वतः काढले, पुसले, पट्टे मारले. नरेश आला. मी नेहमीसारखा दुप्पट भाव सांगितला, घासाघीस होणारच म्हणून. तो म्हणाला, "ठीक आहे भाऊ, बांधून द्या. माल बडनेऱ्याच्या शेडवर पाठवा."

मिस्त्री म्हणायचे, "जो भाव करत नाही ना, तो मालाची नाही, तुह्या बंद तोंडाची किंमत देऊन राहिला." मला ते त्याच क्षणी आठवलं होतं. तरी मी माल बांधला.

दोन वर्षांनी, भर दुपारी, तपास पथकाच्या एक मॅडम दुकानात आल्या. टेबलावर फोटो ठेवला.

"ही खूण ओळखता?"

"कुठं सापडली?"

"पिस्तुलाच्या नळीवर."

दुसऱ्या राज्यात भर बाजारात अतिरेक्यांनी गोळीबार केला होता, मी पेपरात वाचलं होतं. तिथे सापडलेलं पिस्तूल गावठी. ना नंबर, ना कंपनी. पण नळीवर एका जागी कानस मारलेली दिसत होती. प्रयोगशाळेत तिथे रसायन लावलं आणि घासलेली खूण पुन्हा वर आली. तो फोटो घेऊन मॅडम कितीतरी गावांचे पार्टबाजार फिरल्या. शेवटी अमरावतीत एक म्हातारा फिटर म्हणाला, "हे तं अकोल्याच्या मिस्त्रीची चांदणी."

मी पाहिलं. एक टोक उडालेलं.

मी भाव करणारा माणूस. सुटायची वाट लगेच दिसली, आणि ती खरीही होती. "मॅडम, हा ठप्पा पूर्णेत गेला, तीन वर्षं झाली. साक्षीदार आहे. हा माल माझा नाही."

मॅडम चिडल्या नाहीत. फोटो उचलत म्हणाल्या, "नसेलही. त्या बाजारात एक भाजीवाली गेली. तराजू हातातच राहिला होता."

"हे मले काहून सांगता?" मी ओरडलोच.

"ज्यांना ज्यांना फोटो दाखवला, त्या सगळ्यांना सांगते."

त्या दारापर्यंत गेल्या. तेव्हा मी म्हटलं, "थांबा. एका माणसानं भाव केला नव्हता."

त्या एका वाक्यासाठी मी सव्वा महिना रोज ठाण्यात बसलो. समोरचा चहावाला, वीस वर्षांची ओळख, मला बघून कप आत ठेवू लागला. पण नरेश सापडला. शेडमध्ये भट्टी होती, लेथ होतं आणि माझे दोन रॉड शिल्लक होते. ओळखायला मला नेलं. निळा पट्टा माझाच. मॅडमनी ब्लेडने रंग जरा खरवडला...

खाली चांदणी. एक टोक नसलेली.

पट्टा मी मारला तेव्हा लोखंड कोरं होतं. वाटलं, ट्रक कधीतरी मिस्त्रींच्या हाताखालून गेले असतील. कागद काढले, तर ते अकोल्यात पहिल्यांदाच आले होते, तेही मिस्त्री गेल्यावर. जावयांना विचारलं, ते म्हणाले, "भाऊ, तुमीच तं टाकला पान्यात." पंचनाम्यावर मी सही केली. माल माझा, असं लिहून दिलं. खूण कोणाची, ते कोणी विचारलं नाही.

पिस्तुलावरचा रंग तर भट्टीतच जळला होता; खूण नसती तर माझ्यापर्यंत, नरेशपर्यंत कोणी पोचलं नसतं. एवढंच मला कळतं. बाकी काही नाही.

नरेश आता तुरुंगात आहे आणि म्हणतो, मला काही माहीत नाही. पण न दिसलेल्या खुणेवर कोणी कानस चालवत नाही. त्या भाजीवालीचं उत्तर तू कोर्टात दे, नरेश, ते तर द्यावंच लागेल. पण माझ्यासमोरही एकदा उभा राहा आणि सांग, कोऱ्या लोखंडावर ती चांदणी तुला कधी दिसली?